लाखेच्या चोचीचा प्रवासी

पूर्वी महत्त्वाचे पाकीट टपालाने पाठवायचे असले, की त्याच्या पाठीवर लाख वितळवून शिक्का मारीत. त्या लाखेचा तकतकीत लाल रंग ज्यांना आठवतो, त्यांना आज मी ज्या पक्ष्याविषयी बोलणार आहे त्याच्या चोचीचे वर्णन वेगळे करून सांगायला नको. इंग्रजीत त्याला ‘कॉमन वॅक्सबिल’ म्हणतात. यातले ‘वॅक्स’ म्हणजे मेणबत्तीचे मेण नव्हे, तर हीच शिक्क्याची लाख. पोर्तुगीज लोक त्याला ‘बिको द लाक्रे’, म्हणजे लाखेची चोच, असे म्हणतात. हा ‘लाक्रे’ आपल्या ‘लाक्षा’ या संस्कृत शब्दाचाच वंशज. अरबी-फारसीच्या वाटेने तो युरोपात पोचला. पक्षी आफ्रिकेचा, पण नावातला शब्द भारताचा. आपण या भाषणापुरते त्याला ‘लाखचोच्या’ म्हणू.

हा आपल्या मुनियांच्या कुळातलाच. लांबी जेमतेम ११-१२ सेंटिमीटर, वजन ७ ते १० ग्रॅम. अंगावर बारीक तपकिरी रेघा आणि डोळ्यावरून गेलेला लाल पट्टा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे, पाण्याजवळच्या उंच गवतात तो थव्यांनी राहतो. गवताच्या काडीला लोंबकळून दाणे टिपतो. घरटे गवताचे, जमिनीलगत आणि नळीसारख्या दाराचे. त्यात तो मांसाहारी प्राण्यांची वाळलेली विष्ठा आणून ठेवतो! हा गलिच्छपणा नव्हे. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की विष्ठा ठेवलेली घरटी भक्षकांपासून जास्त वाचतात.

१७५८ साली लिनिअसने त्याला शास्त्रीय नाव दिले. लाखचोच्या समुद्र ओलांडून स्थलांतर करणारा पक्षी नाही. तरी आज तो अटलांटिकमधल्या सेंट हेलेना आणि केप व्हर्देवर, हिंदी महासागरातल्या मॉरिशस, रियुनियन व सेशेल्सवर, ब्राझीलमध्ये, पोर्तुगालमध्ये आणि थेट हवाईतही आहे. तो तिथे पोचला तो जहाजांतल्या पिंजऱ्यांतून. सेंट हेलेना हे ईस्ट इंडिया कंपनीचे बेट. भारताकडून इंग्लंडला परतणारी जहाजे तिथे पाणी आणि अन्न भरून घेत. अशा बंदरांत माणसांबरोबर पिंजरेही उतरत, आणि पिंजऱ्यांची दारे कधी चुकून, कधी हौसेने उघडली जात.

ब्राझीलची गोष्ट अधिक काळी आहे. एकोणिसाव्या शतकात हा पक्षी तिथे गुलामांच्या जहाजांतून गेला, असे मानले जाते. त्याच व्यापाराच्या वाटेने एक आफ्रिकी गवतही तिकडे गेले होते. आपले शेतकरी चाऱ्यासाठी लावतात तेच हे गिनी गवत. म्हणजे पक्षी उतरला तेव्हा त्याचे ताट आधीच वाढून ठेवलेले होते. ज्यांना साखळदंडांनी बांधून नेले, त्या माणसांच्या वाट्याला मात्र असे स्वागत आले नाही.

पोर्तुगालमध्ये तो १९६४ च्या सुमारास ओबिदुशच्या खाजणाजवळ मोकळा झाला, आणि काही दशकांत भातखाचरे, कालवे नि बोरूची बेटे धरून देशभर पसरत स्पेनमध्ये शिरला. तिथल्या अभ्यासकांना असे दिसले, की स्थानिक पक्षी फारशी न वापरणारी जागा त्याने धरली. त्यामुळे त्याने कुणाला हुसकावले असे सहज म्हणता येत नाही.

पण सगळ्या पिंजऱ्यांची कथा इतकी निरुपद्रवी नाही. आफ्रिकेत या लाखचोच्याच्या घरट्यात व्हायडा नावाचा लांब शेपटीचा पक्षी कोकिळेसारखी आपली अंडी घालतो. त्याच्या पिल्लाच्या तोंडातल्या खुणा यजमानाच्या पिल्लासारख्याच असतात, म्हणून ते उपाशी राहत नाही. हा व्हायडाही हौशी लोकांच्या पिंजऱ्यांतून दक्षिण कॅलिफोर्नियात पोचला. तिथे त्याचा नेहमीचा यजमान नव्हता. होती ती आपल्याकडची ठिपकेदार मुनिया, तीही पिंजऱ्यातूनच सुटलेली. व्हायडाने तिलाच यजमान केले. आफ्रिकेचा पाहुणा, भारताची दाई आणि अमेरिकेतले घर! निसर्गात ही गाठ कधी पडली नसती.

अमेरिकेने १९९२ साली कायदा करून रानटी पक्ष्यांच्या आयातीवर कडक बंधने घातली. युरोपीय संघाने बर्ड फ्लूच्या भीतीने २००५ साली ती थांबवली, आणि २००७ पासून बंदी कायमची केली. भारतातही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापाराला मनाई आहे. तरीही मुनिया चोरून विकल्या जातातच.

लाखचोच्याला मी ‘घुसखोर’ म्हणायला तयार नाही. तो कुठेही आपणहून गेला नाही; जिथे नेला तिथे त्याने दाणे शोधले आणि संसार थाटला. पण म्हणून पिंजऱ्यांचा हिशेब माफ होत नाही. कुठला पक्षी नव्या जागी नुसता रमेल आणि कुठला दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालील, हे दार उघडणाऱ्याला आधी कळत नसते. म्हणून बाजारात चिवचिवणारा पिंजरा दिसला, तर दया येऊन विकत घेऊ नका. आपण पैसे मोजले की त्या जागी दुसरा भरतो. वन विभागाला कळवा. त्या पक्ष्यांवरचा खरा उपकार तोच.