राणी कुठं गेली?

पुढची पंधरा मिनिटं मी तुम्हाला ‘तू’ म्हणणार आहे, राग मानू नका. तेवढ्यापुरतं तुमचं वय चोवीस आहे, तुम्ही मुलगी आहात आणि दिवाळीच्या सुट्टीत एकट्या परदेशी निघाला आहात. पुरुष वाचकांनाही यातून सूट नाही. चला, पदर खोचा.

तर ऐक. फोन घरी ठेव, पारपत्राची गरज नाही. उतरायचं आहे ते आपल्या नगरलाच, पण १५६७ सालच्या कार्तिकात. तरी मी परदेश का म्हणते, ते वेशीत शिरलीस की कळेल.

आधी काम समजून घे. पुण्यात एक फारसी पोथी आहे, ‘तारीफ-इ-हुसेनशाही’. आफताबी नावाच्या कवीनं हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी ती रचली. तिच्यात चित्रं आहेत, आणि निजामशाहीतली चित्रं मुळात इतकी थोडी उरली आहेत की हे एकेक पान म्हणजे ठेवा. त्या चित्रांत राजाच्या शेजारी, त्याच्या अंगाला खेटून, कुणीतरी बसलेलं असायचं. आज तिथं रंगाचा डाग आहे. राणी होती आणि पुढं कुणीतरी तिला रंगाखाली दडपून टाकलं. तिचं नाव खुंजा हुमायून. चांदबिबीची आई. तिला कुणी पुसलं, ते शोधायचं आहे. एवढंच तुझं काम.

डोळे मीट. उघड.

सगळ्यात आधी वास येतो. घोड्यांची लीद, ओला चुना, शेणीचा धूर आणि त्या सगळ्यावर तरंगणारा कुठल्यातरी अत्तराचा पातळ गोडवा. पायाखाली सीनेच्या काठची माती. पाऊस संपून महिनाच झालाय, पण ऊन असं चढलंय की डोक्यावरचा पदर तव्यासारखा तापलाय. समोर किल्ला. तू लहानपणी सहलीला आली होतीस तेव्हा पाहिलेला, तोच गोल किल्ला, पण त्याच्या दगडावर अजून शेवाळाचा ठिपका नाही. हुसेनशहानं मातीचा कोट काढून हा दगडी तट बांधून घेतला त्याला थोडीच वर्षं झालीत. चिऱ्यांच्या कडा बोट कापतील इतक्या धारदार. खंदकाच्या कडेला उभी राहा. खालून गार हवा येते, तोंडावर घे आणि पुढं चल.

आता कान उघड. खण्, खण्, खण्. किल्ल्यापासून जवळच पाथरवट बसलेत. दमडी मशिदीचं काम चाललंय. नगरात अजूनही सांगतात की किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी आपापल्या मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढून ही मशीद उभी केली. खरं असो वा नसो, त्या पाथरवटाच्या हाताकडे बघ. पिठासारखी दगडाची पूड त्याच्या भुवयांवर बसली आहे, आणि छिन्नीखाली काळा दगड वेलीसारखा वळतोय. तो मान वर करत नाही. शिंक आली तर तोंड वळवून शिंकतो, काम उडू नये म्हणून.

बाजारात गर्दी दाटली आहे. मी परदेश म्हटलं ते इथं कळेल. चौलच्या बंदरातून घोडे घेऊन आलेला इराणी सौदागर फारसीत भांडतोय. त्याच्याशी हुज्जत घालणारा उंच हबशी शिपाई दखनीत उत्तर देतोय. दोघांच्या मधे उकिडवा बसलेला कारकून कानावर बोरू खोचून मोडीत काहीतरी खरडतोय, आणि घोडा धरून उभा असलेला पोरगा अस्सल मराठीत घोड्याच्या आईवर घसरलाय. तोफा ओतणारे रूमी याच गावचे. विजापूरला पडलेली ती अजस्र मलिक-ए-मैदान इथंच १५४९ साली ओतली गेली. तिकडं पैठणला एकनाथ ऐन तिशीत आहेत. सगळं एकाच वेळी, एकाच धुळीत चाललंय.

तहान लागली ना? चौकातल्या हौदाशी जा. डोंगराच्या बाजूनं, कापूरवाडीकडून, भाजलेल्या खापराच्या नळांतून हे पाणी जमिनीखालून गावात येतं. ओंजळ भर. पाण्याला मातीच्या नव्या मडक्याचा वास आहे.

हौदावर भिंगारची एक म्हातारी टोपली टेकवून बसली आहे. तिनं तुला न्याहाळलं.

“कुणाची गं तू, पोरी?”

“माहेर लांब आहे, आजी.”

“लांब म्हंजी किती लांब?”

“लई लांब.”

एवढ्यावर तिचं समाधान झालं, कारण या गावात जो तो लांबूनच आलेला. फडकं सोडून तिनं जोंधळ्याची अर्धी भाकरी तुझ्या हातावर ठेवली, वर कुटलेल्या लसणीचा गोळा. झणका आहे, पण तो मिऱ्याचा, जिभेच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा. चहा मागू नकोस. बटाट्याची भाजीही मागू नकोस. या दोन्ही गोष्टी इथं कुणी ऐकलेल्या नाहीत. भाकरी खा आणि तिच्या टोपलीत काय आहे ते बघ. बाभळीचा डिंक, मधाच्या रंगाचे खडे. किल्ल्यात चित्रं काढणाऱ्यांना लागतो. तिचे गुडघे धरलेत आणि तुझे पाय तरणे आहेत. टोपली उचल. हेराला याहून चांगलं सोंग मिळणार नाही.

दरवाजातून आत शिरताना एकदम अंधार आणि गारवा. दोन भिंतींच्या बोळात हत्तीच्या मुताचा वास इतका तीव्र की डोळ्यांत पाणी येतं. देवडीवरच्या पहारेकऱ्यानं टोपलीत हात घालून डिंक चिवडला, एक खडा दाताखाली धरला, थुंकला, सोडून दिलं. आतल्या अंगणात कारंज्याचा आवाज. त्याच्या पलीकडे एका ओवरीत चित्रकार बसलाय. त्याचं नाव मला विचारू नकोस, पोथीत कुठल्याच चित्रकाराचं नाव टिकलेलं नाही.

इथं जरा वेळ काढ. एक गुडघा वर, त्यावर फळी, फळीवर कागद. समोर शिंपल्यांची रांग, प्रत्येकीत एक रंग. हिंगूळ लाल, हरताळ पिवळा, दिव्याच्या काजळीचा काळा आणि एका छोट्या शिंपलीत लाजवर्दाचा निळा. तो दगड दूरच्या डोंगरातून आलेला, म्हणून निळा वापरताना त्याचा हात आखडतो. तू आणलेला डिंक पाण्यात भिजतोय, त्याशिवाय रंग कागदाला धरत नाही. हरताळाच्या शिंपलीजवळ नाक नेऊ नकोस, विष आहे ते. पोरगेला शागीर्द अकीकाच्या गोट्यानं कागद घोटतोय, सर्र, सर्र. घोटून घोटून कागद शंखासारखा गुळगुळीत झाला की मगच उस्ताद हात लावणार.

आता वाकून बघ. त्याच्या हातातला कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, टोकाला जेमतेम एक केस. श्वास रोखून तो राणीची भुवई काढतोय. एक रेघ. श्वास सोडला. दुसरी रेघ. सोनेरी जमिनीवर राजा बसलाय आणि त्याला खेटून राणी, अंगात चोळी, पाठीवर लांब वेणी. मागं दासी. बाजूला वाळत घातलेल्या दुसऱ्या पानावर एका स्त्रीनं झाडाला हात लावलाय आणि त्या स्पर्शानं झाड फुललंय. संस्कृत काव्यातला दोहद आहे हा, फारसी पोथीत येऊन बसलेला! दोन भाषा एका कागदावर इतक्या सहज नांदतात, हे आज आपल्याला सांगावं लागतं. त्या ओवरीत ते कुणाला सांगावं लागत नव्हतं.

चित्रातला राजा आज जिवंत नाही, हे विसरू नकोस. राक्षसतागडीच्या लढाईहून परतल्यावर थोड्याच महिन्यांत तो गेला. मुलगी विजापूरला नांदते आहे, मुलगा मूर्तझा पोरसवदा, आणि कारभार आईच्या हातात. याच वर्षांत ही पोथी सजली, असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे तो कयास खरा असेल तर कुठल्यातरी झरोक्यामागं एक विधवा बाई उभी आहे, आणि नवऱ्याच्या शेजारी बसलेली ती स्वतः कागदावर उतरते आहे. दक्षिणेत काय, कुठल्याच दरबारात राणी अशी उघड्या चेहऱ्यानं, राजाच्या बरोबरीनं वारंवार चितारलेली सहसा सापडत नाही. माझा जीव या पोथीत अडकला तो इथं.

वर, जाळीमागं, बांगड्या वाजल्या. मान वर करू नकोस. तिला बघायचा हक्क तुला नाही, आणि मला तिचा चेहरा माहीत नाही.

संध्याकाळ होते आहे. टोपली रिकामी करून बाहेर पड. भिंगारकडं घरांच्या ओट्यांवर पणत्या लागल्यात, करडईच्या तेलाचा धूर नाकात बसतो. आजीला टोपली परत दे, पाया पड. पुन्हा डोळे मीट. आता दोनतीन वर्षं पुढं.

तेच अंगण, पण कारंजं बंद आहे. ओवरीत शिंपल्या उपड्या, डिंक वाळून काच झालाय. मुलानं आईला कैदेत टाकलं. तिनं आपल्या भावांना मोठं केलं म्हणून सरदार चिडले होते, हे एक कारण सांगतात. बाकीचं राजकारण आपल्याला नको. तू हेर आहेस, हाताला लागेल तेवढ्याशी तुझा संबंध.

हाताला काय लागतं? एक, पानं फाडलेली नाहीत. फाडणं सोपं होतं, तरी कुणीतरी बसून, शिंपलीत रंग कालवून, नेमकी राणीच झाकली. दोन, दासी जागच्या जागी आहेत. तीन, आणि हा माझ्या मते सगळ्यात मोठा धागा, आफताबीनं शब्दांत केलेलं राणीच्या रूपाचं वर्णन पोथीत तसंच राहिलं. पुसणाऱ्याला अक्षरांचं भय वाटलं नाही, चेहऱ्याचं वाटलं.

संशयित दोन. पहिला, मूर्तझाच्या बाजूचा कुणीतरी, ज्याला पडलेली राणी राजाशेजारी बसलेली चालत नव्हती. दुसरा, मागाहून पोथीचा धनी झालेला एखादा सोवळा माणूस, ज्याला शाही जनान्यातला चेहरा परक्यांच्या नजरेस पडणं खपलं नाही. दासींचे चेहरे त्याच्या लेखी चेहरेच नव्हते, म्हणून त्या सुटल्या, असंही म्हणता येईल.

तू कुणाला धरशील? मी पहिल्याला धरते. लाजेपोटी झाकणाऱ्याला वर्णनाचे शब्दही टोचले असते. रूपाचं वर्णन राहू दिलं आणि सिंहासनावरची जागा तेवढी रिकामी केली, तिथं मला जागेचं भांडण दिसतं. पण त्या हाताचं नाव कुठंच लिहिलेलं नाही, आणि त्या रात्रीच्या ओवरीचं दार मी तुला उघडून देऊ शकत नाही.

ये परत. अंगावरची धूळ झटक, मिऱ्याची चव जिभेवर अजून असेल.

नगरला कुठूनही पूर्वेकडे पाहिलं की डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो. मुळात ती सलाबतखानाची कबर. लोकांचं चांदबिबीवर इतकं प्रेम की त्यांनी दुसऱ्याची कबरही तिच्या नावे करून टाकली. मोगलांच्या वेढ्यात हा किल्ला लढवणारी ती मुलगी आपल्याला शाळेपासून पाठ आहे. तिच्या आईचं नाव नगरात दहा जणांना विचारून बघ. मी विचारलं आहे. कुणालाच सांगता आलं नाही.

पोथी पुण्याला सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. मूळच्या चौदा चित्रांपैकी बारा उरलीत. या सुट्टीत पोरांना किल्ला दाखवशील तेव्हा चांदबिबीच्या आधी तिच्या आईचं नाव सांग. खुंजा हुमायून.