पेटीतलं वाचनालय

गेल्या महिन्यात माहेरी गेले होते. सवयीप्रमाणे संध्याकाळी गावच्या वाचनालयात डोकावले. कोपऱ्यात टेबलावर संगणक होता आणि त्यावर फुलाफुलांचं कापड. "चालू आहे का रे?" असं विचारलं, तर तिथला मुलगा म्हणाला, "तपासणीच्या दिवशी उघडतो, बाई."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. घरी आल्यावर बडोद्याची आठवण झाली.

सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली दत्तक गेले, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षराची किंमत त्यांना कळली ती अशी. १९०६ साली त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर पोरं वाचणार काय? न वाचलं तर शिकलेलं विसरणार. आम्ही शिक्षक मंडळी हे चांगलं जाणतो!

म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. ते तीन वर्षं राहिले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, महाराजांनी स्वतःच्या संग्रहातली पुस्तकं त्याला दिली. पुढे त्याच्या इमारतीत लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन आली. आग लागू नये आणि उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोचावा, ही त्यामागची योजना. त्या काळचं हे अगदी नवं तंत्रज्ञान.

पण मला खरं कौतुक वाटतं ते लाकडी पेट्यांचं. पुस्तकं भरून कुलूपबंद पेट्या आगगाडीने खेड्यांत जायच्या. तिथली वाचून झाली की परत, मग दुसरी पेटी. ज्यांना वाचताच येत नव्हतं, त्यांच्यासाठी निराळा विभाग होता. तो मॅजिक लँटर्न आणि सिनेमाचं यंत्र घेऊन गावोगाव फिरायचा आणि फुकट खेळ दाखवायचा. वाचता येत नाही म्हणून ज्ञानापासून कुणी वंचित राहू नये, एवढा साधा हेतू.

आणखी एक शहाणपण होतं. गावाला वाचनालय आयतं मिळत नसे. गावकरी जमवतील तेवढीच रक्कम पंचायत घाली आणि तेवढीच सरकार. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने खेड्यांतून ही चळवळ रुजवली. स्वतःचे पैसे घातलेल्या वस्तूवर माणूस कापड घालून ठेवत नाही, वापरतो.

आमच्या गावात आजही सातबारा काढायला म्हातारी माणसं तालुक्याला जातात, एक दिवसाची मजुरी बुडवतात. तो उतारा या झाकलेल्या संगणकावर बघता येईल. दहावीच्या मुलींना शिष्यवृत्तीचे अर्ज तिथेच भरता येतील. अडचण इंटरनेटच्या बिलाची आहे, असं कळलं.

निघताना मी भावाला म्हटलं, "दादा, वर्षाच्या बिलाचा एक हिस्सा माझ्या पेन्शनमधून. एक वाचनालयाने द्यावा, एक तू गावात वर्गणी काढून जमव." दादा हसला. "तुझं बडोदं इथे चालायचं नाही," म्हणाला.

काल त्याचा फोन आला. अकरा घरांनी वर्गणी दिली आहे. वाचनालयाचं मात्र अजून ठरायचं आहे. ते ठरेपर्यंत निदान ते कापड तरी काढा, असं मी त्याला सांगितलं आहे.