जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये आणताना : वेब डेव्हलपरसाठी कामाच्या नोंदी

बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा कुठेही जा, मराठी मंडळं, वाचनालयं आणि छोट्या साप्ताहिकांकडे एक सारखाच ठेवा सापडतो. नव्वदच्या दशकापासून डीटीपीवर जुळवलेल्या स्मरणिका, अहवाल, अंक. छापील प्रती कपाटात आणि फाइल जुन्या सीडीवर. मग कुणीतरी ओळखीच्या डेव्हलपरला सांगतं, ‘हे वेबसाइटवर टाकून द्या.’ दोन दिवसांचं वाटणारं हे काम महिनाभर पुरतं. का, ते पाहू.

मूळ अडचण
कृतिदेव, शिवाजी, श्री-लिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवच्या फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा साठवलेला असतो. फॉन्ट काढला की उरतात नुसती इंग्रजी अक्षरं. त्यामुळे गूगलला तो मजकूर मराठी म्हणून कळत नाही, शोधला तरी सापडत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कोणताही असो.

कन्व्हर्टर कुठे अडतो
नुसती अक्षरांची अदलाबदल करून भागत नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलटा : ‘धर्म’मधला रफार तिथे ‘म’च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘म’च्या आधी. शिवाय प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. एकाच पानात मथळा एका फॉन्टमध्ये आणि मजकूर दुसऱ्यात असेल, तर फॉन्टचं नाव पाहून तुकड्या-तुकड्यानं बदल करावा लागतो. मध्येच खरा इंग्रजी शब्द आला, तर तोही मराठी समजून बिघडतो. आणखी एक : आताच्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फाइल थेट उघडत नाहीत, म्हणून जुनं मशीन भंगारात देण्याआधी मजकूर बाहेर काढून घ्या.

दिसतं एक, साठवलेलं दुसरं
युनिकोडमध्ये आल्यावरही काम संपत नाही. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ दोन पद्धतींनी लिहिता येतो : नुक्त्याचा र आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडखुणेचा कोड. ‘ॲड.’चंही तसंच. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक 2008 मध्ये मिळाला, त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम चालवत. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला मात्र वेगळे. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही हे दोन ‘ॲ’ एक करत नाही. म्हणून साठवताना आणि शोधताना एकच रूप वापरायचा नियम कोडमध्ये स्वतः लिहावा लागतो. नाहीतर एखाद्या वकिलाचं किंवा कऱ्हाडे आडनावाच्या माणसाचं नाव संग्रहात असूनही ‘सापडले नाही’ असं उत्तर येतं.

वेबसाइट बांधताना
• डेटाबेस यूटीएफ-8 मध्येच ठेवा. देवनागरीच्या प्रत्येक कोडला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ म्हणजे 15 बाइट. जुन्या लॅटिन टेबलमध्ये मजकूर भरला, तर प्रश्नचिन्हं उरतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही.
• पानाची भाषा मराठी अशी नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत.
• फॉन्ट वॉफ-2 स्वरूपात द्या. फाइल लहान होते, खेड्यातल्या नेटवर पान लवकर उघडतं.
• मथळा ठरावीक लांबीवर कापताना नुसते कोड मोजू नका, मात्रा तुटते. ब्राउझरमधलं ‘सेगमेंटर’ अक्षरं नीट मोजतं. 2024 मध्ये फायरफॉक्सनंही ते घेतल्यापासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत ते आहे.

हिशेब
कन्व्हर्ट करायला मिनिटं लागतात, छापील प्रत समोर ठेवून तपासायला दिवस. त्यामुळे कोटेशन फाइलवर नको, पानांवर द्या, आणि मुद्रितशोधनाचे पैसे वेगळे धरा. मंडळानंही आडनावं, गावं आणि तारखा तपासायला आपलाच जाणता माणूस बसवावा. त्या डेव्हलपरला ओळखीच्या नसतात. मूळ फाइल आणि तिचा फॉन्ट दोन्ही जपून ठेवा. पुढे चूक निघाली, तर पडताळायला दुसरं काही नसतं.