दाढीचे पाते आणि घडीचा चाकू

वसंत व्याख्यानमालेत संत, साम्राज्ये आणि क्रांत्या असे भारदस्त विषय यावेत, अशी आपली रीत आहे. आम्ही मात्र खिशात मावणाऱ्या एका घडीच्या चाकूविषयी बोलणार आहोत. इतिहास लिहिणाऱ्यांच्या हाती लेखणी होती हे खरे. पण त्या लेखणीला टोक कशाने काढले, हा प्रश्न आमच्यासारख्या कारखान्यात वाढलेल्या माणसाला सुचल्याशिवाय राहत नाही. बोरू छाटल्यावाचून ना मोडी दप्तर लिहिले गेले असते, ना कुलकर्ण्याचा जमाखर्च. फारसीत या चाकूला कलमतराश म्हणत. इंग्रजीतही त्याचे नाव लेखणीवरूनच पडले आहे.

असाच एक चाकू सांगलीच्या एका जुन्या घरात, दप्तराच्या पेटीत निघाला. हाडाची मूठ, दोन पाती, आणि पात्याच्या बुंध्याशी एक तारा व एक क्रूस अशी खूण. ही खूण विलायतेतील शेफील्ड गावच्या जोसेफ रॉजर्स या पेढीची. आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात तो चाकू हातोहात फिरला आणि चौघांनी ठरवले की, याची नक्कल करून पाहायची. आणि पाती घडवण्याची भट्टी आपल्याजवळ नाही, तर दाढीची पाती वापरून करायची. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. वस्तू खोलून पाहणे हेच आमचे विद्यापीठ.

चाकू खोलण्याआधी तो घडवणाऱ्यांची ओळख करून घेतली पाहिजे. शेफील्डमध्ये एक चाकू एका माणसाच्या हातून पुरा होत नसे. एक जण पाते ठोकी, दुसरा दगडी चाकावर त्याला धार काढी, तिसरा मूठ, कमान आणि पाती जुळवी. यांतला मधला मनुष्य लवकर मरे. दगडाची व पोलादाची धूळ त्याच्या छातीत बसे. कोरड्या दगडावर काम करणारे जेमतेम पस्तिशी गाठतात आणि ओल्या दगडावरचे क्वचितच पंचेचाळिशीपलीकडे जातात, असे एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. तेव्हा त्या नाजूक पात्यावर जी आरशासारखी झळाळी दिसते, तिच्यात कोणाचा श्वास गेला आहे हे विसरून चालणार नाही.

या कारागिरांनी संघ बांधले. कोर्टात संघाच्या पैशालाही पुरते संरक्षण नव्हते, आणि वर्गणी बुडवणाऱ्याला वठणीवर आणायचा सनदशीर मार्गही नव्हता. मग अशा माणसाच्या चाकाचा पट्टा रातोरात नाहीसा होई. प्रकरण त्यावर थांबले नाही. ऑक्टोबर १८६६ मध्ये एका कारागिराच्या घरात बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला, देशभर गहजब उडाला आणि पुढच्या वर्षी सरकारी चौकशी बसली. करवतींना धार देणाऱ्यांच्या संघाचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड याने, अशी अनेक कृत्ये आपण पैसे देऊन करवली, असा कबुलीजबाब दिला. आम्ही या माणसाचे समर्थन करणार नाही; अशा एका चिटणिसाने शंभर प्रामाणिक चिटणिसांच्या वाटेत काटे पेरले. परंतु त्याच खळबळीतून संघटनांच्या हक्काचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८७१ साली इंग्लंडात कामगार संघांना कायद्याची मान्यता मिळाली. आपल्याकडे तसा कायदा व्हायला १९२६ साल उजाडावे लागले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. धारेचे काम इकडे शिकलगारांचे. तलवारी, कट्यारी घासून पाजळायच्या, म्यानात नीट बसवून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. पुढे १८७८ च्या कायद्याने हत्यार बाळगायला, विकायला, बनवायलाही परवाना लागू झाला. धंदा ज्या पायावर उभा, तो पायाच काढून घेतला गेला. उरल्या त्या विळ्या, कात्र्या, अडकित्ते, वस्तरे आणि चाकू.

मिरजेच्या शिकलगारांनी तर याच्याही आधी वेगळीच वाट धरली होती. पटवर्धनांच्या त्या संस्थानात गवई येत. त्यांची तंतुवाद्ये दुरुस्तीला आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार आदी कारागिरांनी ती दुरुस्त केली, मग तशीच नवी घडवली. नक्कल करता करता ते सतारमेकर झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा नक्कल या शब्दाला नाक मुरडणाऱ्यांनी जरा जपून बोलावे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही परदेशी नांगर समोर ठेवूनच घडला.

त्याच २०२४ सालच्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातून आणलेली वाघनखे साताऱ्यात मांडली गेली. ती खुद्द महाराजांचीच का, यावर पुष्कळ वाद झाला. ती घडवली कोणी, असे विचारताना आम्ही तरी कोणाला ऐकले नाही.

दाढीच्या पात्याची गोष्ट निराळी. त्याच्यावर नाव आहे, पण ते घडवणाऱ्याचे नव्हे. कागदासारख्या पातळ पोलादाचे, वापरून फेकून द्यायचे पाते ही कल्पना अमेरिकेतल्या किंग जिलेट यांची. त्यांना १९०४ साली पेटंट मिळाले. पण इतके पातळ पोलाद न वाकता कडक कसे करावे, हे कोडे सोडवले आणि त्यासाठीची यंत्रे बनवली ती विल्यम निकर्सन या यंत्रज्ञाने. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या साली, ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली म्हणतात. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी शिपायांना लाखांनी हे वस्तरे वाटले गेले आणि फेकायच्या पात्याची सवय जगाला लागली.

नकलेच्या कामी या पात्याचा एक गुण उपयोगी पडला. ते ४३ मिलिमीटर लांब असते, आणि मधून उभे तोडले की प्रत्येक अर्धे सुमारे ११ मिलिमीटर रुंद. आमच्या चाकूचे धाकटे पातेही जवळपास याच मापाचे! पण जाडी? दाढीचे पाते मिलिमीटरचा दहावा हिस्सा. त्याला भोक पाडू गेले की ते काचेसारखे तडकते. तापवून मऊ करावे तर धार जाते. त्यामुळे न्हाव्याच्या आजच्या वस्तऱ्यातली युक्ती घेतली. पितळेची पट्टी लाल करून पाण्यात बुडवली म्हणजे ती मऊ होते. ती उभी दुमडून तिच्या घडीत अर्धे पाते धरले, आणि आसाचे भोक पाडले ते पितळेत, पोलादात नव्हे.

खरे कसब पुढेच होते. जुना चाकू उघडताना आणि मिटताना ‘टक्’ असा आवाज देतो. तो आवाज मुठीच्या पाठीतल्या कमानीचा. ही कमान आम्ही हॅकसॉच्या मोडक्या पात्यातून काढली. भोक पाडायचे तेवढे टोक तापवून राखेत सावकाश निववले, बाकीचा भाग कडकच ठेवला. मग पात्याच्या बुंध्याचा चौकोन आणि कमान यांची गाठ घालायची. कानशीचा एक हात कमी पडला तर चाकू उघडत नाही, एक हात जास्त झाला तर लुळा पडतो. या एका सांध्यावर आमचे तीन रविवार गेले. शिसवी लाकडाच्या मुठी बसवून, पितळी खिळे ठोकून, त्यांची डोकी घासून सपाट केली, तेव्हा कुठे तो आवाज निघाला. शेफील्डचा कारागीर हे काम दिवसाकाठी किती वेळा करीत असेल आणि नगावर त्याला काय मिळत असेल, हा विचार त्या वेळी आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात आला. इतकी वर्षे मजुरीच्या वाटाघाटींत आम्ही तुकड्याच्या दरावर भांडलो. तुकडा म्हणजे काय, हे त्या सांध्याने फार चांगले समजावले.

दोन्ही चाकू शेजारी ठेवले तर दुरून फरक कळत नाही. बोरू आणि पेन्सिल दोन्हींनी छाटता येतात. नवा अधिक तेज आहे, हेही मान्य केले पाहिजे. पण जुन्या चाकूचे पाते सहाणेवर घासून घासून अरुंद झाले आहे. ते कितीदा तरी धार लावणाऱ्याकडे गेले, आणि प्रत्येक वेळी त्याच्या घरी चार पैसे पोचले. आमच्या चाकूत धार बोथटली की अर्धे पाते उपसायचे आणि नवे सरकवायचे. त्या जागी कारागिराचे कामच उरत नाही. पाठीवर चाक बांधून ‘चाकू-कात्रीला धार’ अशी हाक देत जाणारा माणूस आता क्वचितच दिसतो, त्याचे एक कारण या कागदी पोलादात आहे.

मिरजेत मात्र धारेचा हात दुसऱ्या कामात टिकला. तंबोऱ्याच्या घोडीवर तारा टेकतात तो पृष्ठभाग कानशीने केसभर उतरता घासावा लागतो. तेव्हाच तार नुसती न वाजता गुंजते. याला जवारी काढणे म्हणतात. वाजवून वाजवून तारांनी घोडीवर चरे पडतात आणि आवाज बसतो. घोडी फेकून नवी सरकवण्याची सोय तिथे नाही. गवई तंबोरा गवसणीत घालतो आणि पुन्हा त्या कारागिराच्या दारी नेतो.