शेरेबुक

राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशीमला, आणि त्याच ग्रंथात पुढे कवींची परीक्षा उज्जयिनीत व शास्त्रकारांची पाटलिपुत्रात होत असे, असेही तो सांगतो. सरस्वतीचे मंगलकार्य येथे आणि तिची कसोटी परमुलखात, ही वाटणी मला नेहमीच सूचक वाटत आली आहे. कारण या भूमीत जी परीक्षा आज प्रत्येक प्राथमिक शाळेत घेतली जाते, ती येथे उगवलेली नसून बाहेरून आलेली आहे.

वाकाटक राजांची ही राजधानी, वाशीम, अकबराच्या दफ्तरात वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, म्हणून नोंदली गेली, पुढे निजामाच्या अमलाखाली राहिली, आणि या साऱ्या घालमेलीत मुलांचे शिकणे चालू राहिले ते कोणाच्या तरी ओट्यावर किंवा देवळाच्या ओवरीत बसणाऱ्या पंतोजीकडे. धूळपाटीवर बोटाने गिरवलेले अक्षर, सायंकाळी एका सुरात म्हटलेली उजळणी, पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, आणि मग मोडीचे वळण, एवढाच तो अभ्यासक्रम होता. त्याची परीक्षा बाजारात होई: सव्वा तीन शेर गुळाचे दाम मुलाने तोंडी सांगितले आणि सावकाराच्या रोख्यातील ओळ बापाला वाचून दाखवली, की विद्या पदरी पडली असे घरचे लोक समजत, आणि पंतोजीच्या घरी पायली-दोन पायली ज्वारी पोचती होई. मात्र त्या ओट्यावर मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या घरांतील लेकरांना जागा नव्हती, हे विसरून त्या शाळेचे गोडवे गाणे मला मान्य नाही.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, १८६६ साली येथे स्वतंत्र शिक्षणखाते उभे राहिले, आणि ज्याला तेव्हा बाशीम जिल्हा म्हणत त्या जिल्ह्यात सरकारी शाळांबरोबर एक नवीन पुरुष अवतरला, तो म्हणजे तपासणीला येणारा डिपुटी साहेब. त्याच्या येण्याची वर्दी लागली की शाळेची जमीन सारवली जाई, हजेरीपट दुरुस्त होई, आणि एरवी मागे बसणारी मुले त्या दिवशी घरीच राहिलेली बरी, असे मास्तरांच्या मनात येई. हा दोष त्या गरीब मास्तरांचा नव्हता. इंग्लंडात १८६२ च्या सुधारित नियमावलीने असे ठरवले होते की प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणित या तीन विषयांत निरीक्षकाने परीक्षा घ्यावी, आणि एकेका विषयातील नापाशीबद्दल शाळेच्या अनुदानातून दोन शिलिंग आठ पेन्स कापून घ्यावेत. मॅथ्यू आर्नल्डसारखा कवी स्वतः शाळातपासनीस होता आणि त्याने या पद्धतीचा वर्षानुवर्षे निषेध केला. तरीही १८८२ च्या हंटर आयोगाने, ज्याच्या चौकशीत वऱ्हाडाचाही समावेश होता, अनुदान घेणाऱ्या प्राथमिक शाळांसाठी हेच निकालावर बेतलेले तत्त्व उचित मानले.

मुलाच्या उत्तराची किंमत रुपये-आण्यांत ठरू लागली, की शाळेत काय घडते याची कल्पना करण्यास फार प्रतिभा लागत नाही. जो धडा विचारला जाण्याचा संभव अधिक, तोच धडा पुनःपुन्हा घोकला जातो. पाठ झालेला धडा डोळे मिटूनही वाचता येतो आणि साहेबाला तो वाचनच वाटतो. जाताना साहेब शेरेबुकात दोन ओळी लिही, आणि त्या दोन ओळींवर मास्तरांची बढती, बदली आणि अब्रू अवलंबून असे. लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने हे निकालाधारित अनुदान त्याज्य ठरवले. पुढच्याच वर्षी बाशीम जिल्हाही मोडला आणि त्याचा बराचसा भाग अकोल्यात विलीन झाला. पण शेरेबुक आपल्या जागी राहिले, आणि त्याच्यासह ते भयही.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. मराठी चौथी आणि मराठी सातवी हे शब्द या भागात पदवीसारखे उच्चारले जात, कारण सातवी पास झालेल्याला पटवाऱ्याची किंवा मास्तरांची नोकरी मिळण्याची आशा होती. पुढे शिष्यवृत्ती परीक्षा आली. तिच्यासाठी शाळा भरण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर जादा तास घेणाऱ्या शिक्षकांनी कित्येक शेतमजुरांच्या मुलांना पुढची वाट दाखवली, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परीक्षा हीच वाईट, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

वाशीम १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला, आणि २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव आले. या योजनेत जिल्ह्याचा जो क्रम लागतो त्यात शिक्षणाचा वाटा शंभरात तीस आहे. म्हणजे पूर्वी शाळेच्या अनुदानावर जे ओझे होते, ते आता जिल्ह्याच्या क्रमांकावर आले आहे. मुलांच्या शिकण्याचे माप घेणारे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले ते २०१७ साली १३ नोव्हेंबरला आणि २०२१ साली १२ नोव्हेंबरला. नोव्हेंबर म्हणजे येथे कापूसवेचणीचे दिवस. आणि दिवाळी आटोपली की मानोरा तालुक्यातील बंजारा तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या बिऱ्हाडांचे ट्रक हलू लागतात. आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात जी मुले राहतात तेवढीच वर्गात असतात, आणि जी असतात त्यांतली अनेक घरी गोरमाटी बोलणारी, मराठी प्रश्न आधी मनात उलथवून मग उत्तराचे वर्तुळ काळे करणारी. वर्गात बसलेल्याचे माप घ्यायचे आणि न बसलेल्याविषयी मौन धरायचे, ही रीत डिपुटी साहेबाच्या काळापासून बदललेली नाही, आणि माझी खरी तक्रार याच रीतीविरुद्ध आहे.

अशाच एका तांड्यावरच्या शाळेत होळीनंतर मी गेलो होतो. चौथीतली एक मुलगी आदल्याच आठवड्यात कारखान्याच्या तळावरून परतली होती. हजेरीपटात तिच्या नावापुढे चार महिन्यांचे खाडे एका रांगेत उभे होते. मास्तरांनी तिला वाचायला सांगितले तेव्हा ती जोडाक्षरावर अडखळली आणि ओढणीचे टोक चावत खाली पाहू लागली. मग त्यांनी सहज विचारले, की बापाने मुकादमाकडून उचल किती घेतली होती आणि फिटली किती. तिने मान वर केली. मोळ्या किती बांधल्या, गाडी किती टनांची भरली, मुकादमाने किती कापले आणि पुढच्या सालावर किती राहिले, हे सारे तिने बोटेही न मोजता सांगितले, आणि एके ठिकाणी मुकादमाची चूक झाली होती तीही सांगितली. मास्तर कागदावर तो हिशेब मांडून पाहत होते. तो बरोबर होता. टेबलावर वार्षिक चाचणीची गुणपत्रके पडली होती. त्यांनी त्यांतले तिच्या नावाचे पत्रक शोधले आणि गणिताच्या रकान्याशी पेन टेकवून ते बराच वेळ तसेच बसून राहिले.