उच्च विभेदनी उपग्रह कॅमेरे

जमिनीवरचा किती बारीक तपशील वेगळा दिसतो, यावरून दूरसंवेदन उपग्रहावरील कॅमेऱ्याचे विभेदन ठरते. १९८८ साली बैकानूरहून सोडलेल्या भारताच्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या लिस-१ कॅमेऱ्याचे विभेदन ७२.५ मीटर होते. २०१९ साली श्रीहरिकोट्याहून गेलेल्या कार्टोसॅट-३ चे कृष्णधवल विभेदन सुमारे २५ सेंटिमीटर आहे. पहिल्याच्या चित्रात शिवार दिसे, दुसऱ्याच्या चित्रात रस्त्यावरची मोटार दिसते.

विभेदनावरची पहिली मर्यादा विवर्तनाची, म्हणजे प्रकाशलहरी पसरण्याची. दुर्बिणीच्या आरशाचा व्यास जेवढा मोठा, तेवढे बारीक टिपता येते. अमेरिकेच्या वर्ल्डव्ह्यू-३ (२०१४) या उपग्रहाला ६१७ किमी उंचीवरून ३१ सेंमी विभेदन मिळवायला १.१ मीटर व्यासाची दुर्बीण लागली. कक्षा खाली आणली तर चित्र सुधारते, पण विरळ हवेच्या अवरोधामुळे इंधन लवकर संपते. मोठ्या आरशाचे वजन कमी करण्यासाठी त्याची पाठ पोखरून पोळ्यासारखी जाळी राखतात.

खरी ओढाताण प्रकाशाची असते. उपग्रहाखालून जमीन सेकंदाला सुमारे ७ किमी वेगाने सरकते, त्यामुळे २५ सेंमीची एक ओळ टिपायला सेकंदाचा साधारण अठ्ठावीस हजारावा भाग मिळतो. एवढ्यात पुरेसा प्रकाश जमत नाही. म्हणून संवेदकाच्या अनेक रांगा एकामागे एक ठेवतात. एकाच जागेचा प्रकाश प्रत्येक रांग टिपते आणि साठलेला विद्युत्भार प्रतिमेच्याच वेगाने पुढच्या रांगेत सरकवून बेरीज होते. इस्रोच्या टीईएस (२००१) या प्रायोगिक उपग्रहाने वेगळी वाट धरली. उडता उडता मागे कलत जाऊन त्याने नजर जागेवर रेंगाळत ठेवली आणि १ मीटर विभेदन गाठले.

या साऱ्यावर पाणी फिरवायला बारीकशी थरथरही पुरते. उपग्रहाला वळवणाऱ्या चाकांची कंपने दुर्बिणीपर्यंत पोहोचू नयेत, याची तजवीज करावी लागते. त्यामुळे जाहिरातीतल्या सेंटिमीटरच्या आकड्यावरून कॅमेऱ्याची पारख होत नाही. लगतच्या उजळ-गडद कडा किती स्वच्छ उमटतात, हेही मोजावे लागते. शिवाय विभेदनाचा आकडा केवळ आरशावर ठरत नाही: फ्रान्सच्या स्पॉट-५ (२००२) ने अर्ध्या चित्रबिंदूने सरकवलेल्या ५ मीटरच्या दोन प्रतिमा जुळवून २.५ मीटरची प्रतिमा मिळवली, ती मोठा आरसा न लावता.

विभेदन वाढले की टिपला जाणारा पट्टा आकसतो. लिस-१ चा पट्टा १४८ किमी होता, कार्टोसॅट-३ चा सुमारे १६ किमी आहे. देशभरच्या पीकपाहणीला म्हणूनच इस्रोच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरचा ५६ मीटर विभेदनाचा, पण एका फेरीत ७४० किमी रुंदी टिपणारा एविफ्स कॅमेरा अधिक सोयीचा ठरतो.