घरचा पापड आणि कायदा

उचगावातल्या एखाद्या घरी लाटलेला पापड शेजारी विकला, तर कायदा लागू होतो का? होतो, आणि तोही 1 जून 1955 पासून. 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचा भर पदार्थावर होता. निरीक्षक नमुना घेई, त्याचे तीन भाग करी, एक विश्लेषकाकडे पाठवी. लाटणारीचे हात आणि पाणी दुय्यमच. गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ उभे केले, ते याच काळात.

5 ऑगस्ट 2011 पासून 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आला. त्याच्या नियमांनी वार्षिक 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला परवान्याऐवजी 100 रुपयांत नोंदणी दिली. सोबत स्वच्छ पाण्याची, हातांची अट. शुल्क सर्वांना सारखे, धोका मात्र नाही: वाळलेल्या पापडात जंतूंना पाणी मिळत नाही, ओल्या चटणीत भरपूर मिळते.